काल्पनिक राष्ट्रपती लिहिताना : कोल्हापूरच्या नाटककारांसाठी आणि पटकथाकारांसाठी

राज्य नाट्य स्पर्धेसाठी संहिता लिहिणारे, महाविद्यालयीन एकांकिका बसवणारे, लघुपटाची किंवा वेबमालिकेची पटकथा घेऊन निर्माता शोधणारे आणि अलीकडे संगणकीय खेळांची कथानके रचू लागलेले असे पुष्कळ लोक कोल्हापुरात आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांना केव्हा ना केव्हा राष्ट्रपती, राष्ट्राध्यक्ष किंवा मुख्यमंत्री हे पात्र लिहावेसे वाटते. सरपंच, साखर कारखान्याचा अध्यक्ष, आमदार ही माणसे आपल्याला जवळून ठाऊक असतात. त्यांचे बसणे, बोलणे, रागावणे आपण पाहिलेले असते. देशाच्या सर्वोच्च पदावरची व्यक्ती मात्र आपण वर्तमानपत्रातल्या छायाचित्रात आणि प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात पाहतो, त्यामुळे संहितेत तिचे पात्र सारखे भाषण करत राहते, टेबलावर मूठ आपटते आणि जनतेच्या नावाने शपथा घेते. असे पात्र खोटे वाटले की दोष नटाला दिला जातो, पण तो बहुतेक वेळा लेखनात असतो आणि लेखनातच दुरुस्त करता येतो.

मर्यादा आधी, माणूस नंतर

पात्राचे नाव, वय, पोशाख आणि स्वभाव ठरवण्यापूर्वी एक काम करावे. या पदावरच्या व्यक्तीला काय करता येत नाही, हे एका कागदावर लिहून काढावे. काय करता येते याची यादी सगळेच करतात. तिच्यातून थाट मिळतो, नाट्य मिळत नाही. नाट्य मिळते ते पदावरच्या माणसाची इच्छा आणि त्या पदाला घातलेली वेस एकमेकांना भिडतात तेथे. माझ्या मते या लेखनातली निम्मी मेहनत या एका कागदावरच व्हायला हवी.

भारताच्या राष्ट्रपतींचे पात्र घेऊ. राज्यघटनेच्या कलम ५३ नुसार संघराज्याची कार्यकारी सत्ता त्यांच्या ठायी असते, पण कलम ७४ नुसार ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरायची असते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हा सल्ला बंधनकारक असल्याचे स्पष्ट शब्दांत लिहिले गेले, आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपतींना तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली. फेरविचारानंतर तोच सल्ला पुन्हा आला तर मात्र त्यानुसार वागावेच लागते. संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाचेही साधारण असेच आहे. कलम १११ नुसार राष्ट्रपती संमती देऊ शकतात, संमती रोखू शकतात किंवा धनविधेयक नसेल तर ते संसदेकडे परत पाठवू शकतात, आणि संसदेने ते पुन्हा मंजूर करून पाठवले तर संमती नाकारता येत नाही. या कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती लेखकाने नीट ध्यानात ठेवावी: विधेयक हाती आल्यावर निर्णय किती दिवसांत घ्यायचा, याची ठरावीक मुदत तेथे लिहिलेली नाही.

या कोरड्या वाटणाऱ्या तरतुदींतून प्रत्यक्षात काय घडले आहे ते पाहा. १९८६ साली टपाल खात्याला लोकांची पत्रे अडवण्याचे विस्तृत अधिकार देणारे विधेयक ग्यानी झैलसिंग यांच्याकडे गेले. त्यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. १९९७ साली उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची केंद्रीय मंत्रिमंडळाची शिफारस के. आर. नारायणन यांनी फेरविचारासाठी परत केली आणि मंत्रिमंडळाने तो विषय सोडून दिला. २००६ साली लाभाच्या पदासंबंधीचे विधेयक डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी संसदेकडे परत पाठवले. संसदेने ते पुन्हा मंजूर केले आणि नंतर त्यांनी सही केली. तीन माणसे, तीन वेगळे मार्ग, आणि तिघेही घटनेच्या चौकटीतच राहिले. एकाने मौन धरले, दुसऱ्याच्या एका कृतीने सरकार मागे सरले, तिसऱ्याने आपला आक्षेप नोंदवून अखेर नियम पाळला. यांतला कोणताही मार्ग तुमच्या काल्पनिक पात्राला देता येईल, आणि तो कोणता द्यायचा हे ठरवताच त्याचा स्वभावही आपोआप ठरू लागतो.

भारतीय राष्ट्रपतींच्या नाटकातली सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणूनच फाइल आहे. एक टेबल, एक दिवा, एक फाइल आणि बंद पेन एवढ्यावर पाऊण तास प्रेक्षक धरून ठेवता येतो, जर त्या फाइलमध्ये काय आहे आणि सही केली अथवा न केली तर काय होईल हे प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांत समजले असेल. संवादही त्यामुळे आखूड होतात. नमुना म्हणून हे पाहावे :

सचिव : फाइल परत आली आहे, सर.

राष्ट्रपती : काही बदल?

सचिव : एक स्वल्पविरामही नाही.

राष्ट्रपती : दोन्ही सभागृहांत?

सचिव : दोन्ही. आवाजी मतदानाने.

राष्ट्रपती : चर्चा किती वेळ झाली?

सचिव : (थांबून) चर्चा झाली नाही, सर.

येथे कोणी मूठ आपटत नाही, तरी दार बंद झाल्याचे प्रेक्षकाला कळते. पुढे पंतप्रधान भेटायला येतात असा प्रसंग लिहिणार असाल तर पंतप्रधानांची भाषा अत्यंत आदराची ठेवावी. कलम ७८ नुसार कारभाराची माहिती राष्ट्रपतींना देणे हे पंतप्रधानांचे कर्तव्य आहे, त्यामुळे ही भेट नित्याच्या भेटीसारखी सुरू व्हायला हवी, आणि दबाव शब्दांत न येता विषयांच्या क्रमातून यायला हवा. आधी पावसाची चौकशी, मग राष्ट्रपतींच्या आगामी परदेश दौऱ्याची, मग सहज आठवल्यासारखी त्या फाइलची.

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष लिहायचा असेल तर तोच कागद वेगळा भरतो. तो सरकारचा प्रत्यक्ष प्रमुख आणि सेनादलांचा सरसेनापती असतो. काँग्रेसने मंजूर केलेले विधेयक तो नाकारू शकतो, पण दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी ते पुन्हा मंजूर केले तर त्याचा नकार संपतो. आणि १९५१ पासून लागू असलेल्या २२ व्या घटनादुरुस्तीमुळे त्याला दोनपेक्षा अधिक वेळा निवडून येता येत नाही. आपल्याकडच्या नवख्या संहितांत या दोन पदांची सरमिसळ फार होते. भारताचे राष्ट्रपती दूरचित्रवाणीवर येऊन स्वतःच्या मर्जीने युद्ध पुकारतात, एखाद्या मंत्र्याला फोनवरून काढून टाकतात, एका रात्रीत आणीबाणी लादतात. शेवटच्या प्रसंगासाठी इतिहास पाहावा. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली तेव्हा मंत्रिमंडळाची बैठक झालेली नव्हती, ती दुसऱ्या दिवशी पहाटे झाली. आणि याच अनुभवामुळे ४४ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय कळवल्याशिवाय अशी घोषणा करता येणार नाही अशी अट घातली. म्हणजे तुमचे कथानक १९७५ मध्ये घडत असेल तर एक प्रसंग शक्य आहे, आजच्या काळात घडत असेल तर तोच प्रसंग शक्य नाही. साल ठरवल्याशिवाय हे पात्र लिहिता येत नाही ते यासाठीच.

मर्यादेचा उपयोग कसा करावा हे शिकण्यासाठी १९९९ ते २००६ या काळात सात पर्वे चाललेली 'द वेस्ट विंग' ही अमेरिकी मालिका पाहावी. तिच्यातला राष्ट्राध्यक्ष जोसाया बार्टलेट हा नोबेल मिळवलेला अर्थतज्ज्ञ आहे, बोलका आहे, थोडा अहंकारी आहे, पण चौथ्या पर्वाच्या शेवटी त्याच्या मुलीचे अपहरण होते तेव्हा त्याचे सगळे सामर्थ्य निरुपयोगी ठरते. बाप म्हणून विचार करणाऱ्याने सैन्याला आदेश देऊ नये, हे ओळखून तो २५ व्या घटनादुरुस्तीखाली आपले अधिकार तात्पुरते सोडतो. उपराष्ट्राध्यक्षाने आधीच राजीनामा दिलेला असल्यामुळे ते अधिकार विरोधी पक्षाच्या सभापतीकडे जातात. घटनेतले एक कलम, एक रिकामे पद आणि एक बाप यांच्यातून हा प्रसंग उभा राहतो. त्यात एकही भाग लेखकाने हवेतून आणलेला नाही, म्हणूनच तो पाहताना घसा कोरडा पडतो.

कल्पित देश घेतला तर हे सगळे टळते असे अनेकांना वाटते, पण तसे होत नाही. अशा वेळी त्या देशाची घटना तुम्हालाच लिहावी लागते, किमान एक पान तरी. 'सुझरेन' या २०२० सालच्या खेळात खेळणारा सॉर्डलँड नावाच्या कल्पित देशाचा राष्ट्राध्यक्ष अँटन रेन होतो, आणि त्याच्यापुढचा सर्वांत मोठा प्रश्न जुनी घटना बदलण्याचा असतो. त्यासाठी विधिमंडळातली मते जुळवावी लागतात, न्यायालयाचा विचार करावा लागतो, आणि एकाला दिलेले वचन दुसऱ्याला दुखावते. खेळ लिहिणाऱ्यांनी हा अवश्य अभ्यासावा, कारण येथे जवळजवळ सगळे काही मजकुरातूनच चालते, महागडी चित्रे लागत नाहीत, आणि प्रत्येक निर्णयाची किंमत बऱ्याच वेळाने वसूल होते. खेळाडूला "होय" आणि "नाही" असे दोनच पर्याय देऊन लगेच निकाल दाखवणारे खेळ सत्तेविषयी काहीच सांगत नाहीत.

खुर्चीपर्यंतची वाट

तुमचे पात्र त्या खुर्चीवर कसे पोहोचले, हे प्रेक्षकाला सांगा अथवा सांगू नका, तुम्हाला मात्र ते ठाऊक असले पाहिजे. सरळ निवडणूक जिंकून आलेल्या माणसापेक्षा आडवाटेने आलेला माणूस लेखकांना नेहमी अधिक उपयोगी पडला आहे. 'डेव्ह' या १९९३ च्या चित्रपटात राष्ट्राध्यक्षासारखा दिसणारा एक साधा माणूस त्याच्या जागी बसवला जातो. 'बॅटलस्टार गॅलक्टिका' या मालिकेत शिक्षणमंत्री लॉरा रॉस्लिन ही वारसाक्रमात ४३ वी असते आणि तिच्या आधीचे सगळे मारले गेल्यामुळे राष्ट्राध्यक्ष होते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या युक्रेनमधल्या 'सर्व्हंट ऑफ द पीपल' या मालिकेत इतिहासाचा एक शिक्षक राष्ट्राध्यक्ष होतो. ती भूमिका करणारे वोलोदिमिर झेलेन्स्की २०१९ मध्ये खरोखरच त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

आपल्याकडे यापेक्षा उणे काही नाही. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी प्रभारी राष्ट्रपती झाले, पण त्यांना स्वतःच निवडणूक लढवायची असल्यामुळे त्यांनी २० जुलैला राजीनामा दिला, आणि सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी २४ ऑगस्टपर्यंत राष्ट्रपतीपद सांभाळले. सुमारे पाच आठवडे एक न्यायाधीश देशाचा प्रमुख होता. ज्याने आयुष्यभर दोन्ही बाजू ऐकून निकाल दिला, त्याला आता एकाच बाजूच्या सल्ल्याने सही करायची आहे, असा पेच कल्पिताला केवढा अवकाश देतो! खऱ्या व्यक्तीला हात न लावता, त्या परिस्थितीवर बेतलेले संपूर्णपणे कल्पित नाटक मराठीत कोणीतरी लिहावे असे मला मनापासून वाटते. लिहिणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की भारतात उपराष्ट्रपती उरलेल्या मुदतीसाठी राष्ट्रपती होत नाहीत. निधन किंवा राजीनाम्यानंतर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते आणि निवडून येणाऱ्याला पूर्ण पाच वर्षे मिळतात.

मुख्यमंत्र्याच्या पात्राबाबतही अशी एक वाट आहे. 'नायक' या २००१ च्या हिंदी चित्रपटात वार्ताहर एका दिवसाचा मुख्यमंत्री होतो. ही कल्पना अतिरंजित आहेच, पण विधिमंडळाचा सदस्य नसलेल्या व्यक्तीला सहा महिन्यांपर्यंत मंत्री राहता येते अशी तरतूद कलम १६४ मध्ये आहे. अतिरंजित गोष्टीलाही कोठेतरी अशी एक खुंटी असली की प्रेक्षक तिच्यावर विश्वास टांगतो.

दिसणारा आणि न दिसणारा

हौशी संस्थांना राष्ट्रपती भवन उभारणे परवडत नाही, आणि तसा प्रयत्न करूही नये. ३४० खोल्यांची ती वास्तू, तिथले गणतंत्र मंडप आणि अशोक मंडप, अंगरक्षकांचे घोडदळ हे सगळे पडद्यावर रंगवून आणले की प्रेक्षक चूक शोधू लागतो. त्यापेक्षा एक खोली निवडावी. १९६४ साली अणुयुद्धाच्या एकाच भीतीवर दोन अमेरिकी चित्रपट आले, आणि दोन्हींत राष्ट्राध्यक्ष फोनवर बोलतो. 'फेल सेफ'मध्ये हेन्री फोंडा यांनी केलेला राष्ट्राध्यक्ष जवळजवळ पूर्ण वेळ एका तळघरात दुभाष्याबरोबर बसलेला आहे. यांत्रिक बिघाडामुळे अमेरिकी विमाने मॉस्कोकडे निघाली आहेत आणि तो सोव्हिएत नेत्याला ती चूक पटवून देतो आहे. त्या पात्राला नावसुद्धा दिलेले नाही. 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'मध्ये पीटर सेलर्स यांचा राष्ट्राध्यक्ष मर्किन मफली त्याच प्रकारचा फोन करतो, फक्त तेथे पलीकडचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही आणि प्रसंग हास्याकडे झुकतो. दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ पाहावेत आणि दोन्ही फोन लिहून काढावेत. एक माणूस, एक फोन आणि हातातून निसटत चाललेला वेळ हे एकांकिकेचे साहित्य आहे. 'फेल सेफ' २००० साली अमेरिकी दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपित नाट्यप्रयोग म्हणूनही सादर झाले, ते या साधेपणामुळेच शक्य झाले असावे.

याच्याही पुढचा मार्ग म्हणजे राष्ट्रपतींना रंगमंचावर आणायचेच नाही. 'वीप' या मालिकेच्या सुरुवातीच्या पर्वांत उपराष्ट्राध्यक्ष सेलिना मेयर आपल्या कार्यालयात विचारत राहते की राष्ट्राध्यक्षांचा फोन आला होता का, आणि उत्तर नेहमी नकारार्थी येते. तो राष्ट्राध्यक्ष कधी दिसतच नाही. 'द वेस्ट विंग'चाही मूळ विचार राष्ट्राध्यक्षाला क्वचितच दाखवण्याचा होता. कोल्हापुरासाठी हा मार्ग फार सोयीचा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू वारणानगरच्या महिला उद्योग समूहाच्या सुवर्णमहोत्सवासाठी जिल्ह्यात आल्या आणि त्यांनी अंबाबाईचे दर्शनही घेतले, तेव्हा शहराने असा दौरा जवळून पाहिला. अशा दौऱ्याच्या आदल्या दिवशीची कल्पित गोष्ट लिहावी: उजळाईवाडीच्या विमानतळापासून मंदिरापर्यंतचा रस्ता मोकळा ठेवण्याची जबाबदारी अंगावर असलेली तहसीलदार, बंदोबस्तावर उभा असलेला हवालदार, महाद्वार रोडवर दुकान असलेली बाई, स्वागतगीत बसवणारे शिक्षक. राष्ट्रपतींविषयी प्रत्येकाचे मत वेगळे, प्रत्येकाला त्यांच्यापुढे एकच वाक्य बोलायची इच्छा, आणि वेळापत्रकात त्यासाठी एक मिनिटही नाही. पदाचे वजन पदावरच्या माणसापेक्षा त्याच्या वाटेवर उभ्या असलेल्यांच्या चेहऱ्यावर अधिक स्पष्ट दिसते.

सत्ताधाऱ्याला प्रत्यक्ष दाखवायचेच असेल तर आपल्याच मातीतला आदर्श डोळ्यांपुढे ठेवावा. अरुण साधू यांच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या १९७९ च्या 'सिंहासन' चित्रपटात मुख्यमंत्र्याची भूमिका कोल्हापूरच्या अरुण सरनाईकांनी केली. ग्रामीण आणि तमाशाप्रधान चित्रपटांतला हा देखणा नायक येथे जवळजवळ हालचालच करत नाही. आपल्याविरुद्ध कट शिजतो आहे असे सांगणारा एक निनावी फोन येतो, आणि त्यानंतर हा माणूस कोणावरही न ओरडता, समोरच्याला बोलू देत, प्रत्येकाचे मोजमाप घेत राहतो. डॉ. श्रीराम लागूंचा अर्थमंत्री आतून धुमसतो आहे, बाहेर निळू फुल्यांचा पत्रकार सगळे टिपतो आहे, आणि या दोघांमुळे मुख्यमंत्र्याचे मौन अधिक गडद होते. संहिता लिहिणाऱ्याने येथून घ्यायचे ते हे, की सत्ताधारी पात्राचे वाक्य कापले तरी ते कमकुवत होत नाही, फक्त त्याच्यासमोर बोलणारी माणसे तेवढी ताकदीची लिहावी लागतात.

भाषणाची हौस आवरत नसेल तर संपूर्ण संहितेत एकच भाषण ठेवावे आणि ते पराभवानंतर यावे. 'इंडिपेन्डन्स डे' या १९९६ च्या चित्रपटातले राष्ट्राध्यक्ष व्हिटमोर यांचे भाषण लोकांच्या लक्षात राहिले, कारण ते छोटे आहे आणि बोलणाऱ्याने तोपर्यंत आपली पत्नी, आपली राजधानी आणि बहुतेक सैन्य गमावलेले आहे. त्याच्या उलट टोकाला 'हाउस ऑफ कार्ड्‌स'मधला फ्रँक अंडरवुड आहे. तो सार्वजनिक भाषणांपेक्षा कॅमेऱ्याकडे वळून प्रेक्षकाच्या कानात बोलतो. आपल्या रंगभूमीला स्वगत परके नाही, त्यामुळे हे तंत्र मराठी नटाला सहज पेलते, मात्र ते वापरल्यावर प्रेक्षक त्या पात्राचा साथीदार होतो हे ओळखूनच वापरावे.

बोली आणि संबोधन

राष्ट्रपतींचे पात्र कोल्हापूरचे आहे असे दाखवण्यासाठी त्याला फेटा बांधू नये आणि तांबडा-पांढरा रस्सा मागवायला लावू नये. गाव माणसाच्या बोलण्यात राहते. आपल्याकडच्या स्त्रिया घरात "मी येतो", "मी करतो" असे बोलतात, हे बाहेरच्यांना नवल वाटते आणि आपल्याला त्यात काही वेगळे जाणवतही नाही. समजा, तुमच्या नाटकातल्या राष्ट्रपती या करवीर तालुक्यातून दिल्लीला गेलेल्या बाई आहेत. सचिवांशी त्या "मी विचार करते" असे म्हणतील, आणि रात्री धाकट्या बहिणीशी फोनवर बोलताना "मी काय करतो बघ आता" असे त्यांच्या तोंडून निघेल. या एका क्रियापदाने त्यांचे सगळे आयुष्य रंगमंचावर येते. बहीणही त्यांना पदाने हाक मारणार नाही, ती "अक्का, मग केलीस काय सही?" असेच विचारेल, आणि ज्या प्रश्नाभोवती अख्खी दिल्ली अदबीने फिरते आहे तो प्रश्न तिने सरळ विचारला, म्हणून त्या प्रसंगाला धार येईल.

कोण कशी हाक मारतो याची आधीच नोंद करून ठेवावी. २०१२ मध्ये प्रणब मुखर्जी यांच्या काळात देशांतर्गत व्यवहारात 'महामहिम' मागे पडून 'माननीय' हे संबोधन आले, म्हणून आजच्या काळातल्या कथानकात "माननीय राष्ट्रपती महोदय" किंवा "महोदया" असेच लिहावे. शपथविधी दाखवणार असाल तर कलम ६० नुसार ती शपथ सरन्यायाधीशांसमोर होते, आणि ईश्वराला साक्षी ठेवून शपथ घ्यायची की गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करायची, ही निवड पात्राची असते. ती निवड विचारपूर्वक करावी. पुढच्या दोन अंकांत ती उपयोगी पडते.

नावाविषयी थोडेच सांगायचे आहे. आपल्या जिल्ह्यात आडनाव ऐकताच तालुका, गट आणि पुष्कळदा पक्षही लोकांच्या मनात येतो, म्हणून विद्यमान घराण्यांची आडनावे टाळावीत. आजच्या एखाद्या नेत्याची नक्कल करणारे पात्र पहिल्या प्रयोगाला टाळ्या घेते आणि पाच वर्षांत शिळे होते, शिवाय बदनामीच्या तक्रारीची टांगती तलवार राहते ती वेगळीच.

प्रयोगाआधीची कामे

राष्ट्रगीत वाजवण्याचा मोह टाळावा. औपचारिक समारंभात राष्ट्रपतींच्या आगमनाला राष्ट्रगीत होते हे खरे, परंतु नाट्यगृहात ते वाजले की प्रेक्षक उभे राहतात, ते योग्यच आहे, आणि तुमचा प्रसंग तेथे थांबतो. राष्ट्रगीत संपल्यानंतरच्या क्षणी पडदा उघडावा. राजमुद्रेच्या वापरावर २००५ च्या कायद्याने बंधने आहेत, त्यामुळे टेबलावर, फाइलवर आणि भिंतीवर सिंहमुद्रा रंगवून घेण्याऐवजी साधी लाल फीत बांधलेली फाइल ठेवावी. कल्पित देश असेल तर त्याचे स्वतःचे चिन्ह काढून घ्यावे. ध्वज दाखवायचाच असेल तर लांबी-रुंदीचे ३:२ हे प्रमाण आणि ध्वजसंहितेचे नियम पाळावेत.

वाचनासाठी शहराबाहेर जाण्याची गरज नाही. १८५० पासून चालू असलेले करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय येथे राज्यघटनेवरील ग्रंथ आणि संसदीय इतिहासाची पुस्तके चाळावीत. आर. वेंकटरमण, डॉ. कलाम आणि प्रणब मुखर्जी यांनी आपल्या कारकिर्दीविषयी स्वतः लिहिले आहे. त्या लेखनातले मोठे निर्णय सर्वांना ठाऊक असतात, म्हणून लेखकाने त्यांतले लहान तपशील टिपावेत: फाइल कोणत्या वेळी आली, कोणाला बोलावले, कोणाला बोलावले नाही, सही करण्यापूर्वी किती वेळ घेतला.

पहिला खर्डा पूर्ण झाला की एक परीक्षा घ्यावी. संहितेत जेथे जेथे 'राष्ट्रपती' आहे तेथे 'कारखान्याचे अध्यक्ष' असे मनातल्या मनात वाचून पाहावे. प्रसंग तसाच्या तसा चालला, तर तुम्ही अध्यक्ष लिहिला आहे आणि त्याला केवळ दिल्लीला नेऊन बसवले आहे. पहिल्या कागदाकडे परत जावे आणि मर्यादांपैकी एक तरी त्या प्रसंगात आणून बसवावी. त्यानंतर खर्डा एखाद्या वकिलाला वाचायला द्यावा. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यामुळे घटनात्मक प्रश्न हाताळणारे वकील आता शहरात सहज भेटतात, आणि नाटकाची आवड असलेला वकील या गावात शोधावा लागत नाही. त्यांच्या हरकती लिहून घेऊन दुसरा खर्डा करावा, आणि मगच संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे प्रमाणपत्रासाठी पाठवावी. मंडळाने एखाद्या वाक्याविषयी विचारणा केलीच, तर उत्तर देण्यासाठी तुमच्याजवळ कलमांच्या क्रमांकांसह तो पहिला कागद तयार असेल.